कार्यप्रणालीच्या अपग्रेडनंतर कॉन्फिगरेशन फाइल्सचे व्यवस्थापन : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, अपग्रेड केली जात असताना जुन्या कॉन्फिगरेशन फाइल्स ठेवाव्यात की नव्या स्वीकाराव्यात, हा प्रश्न संगणक स्वतःच विचारतो. पुष्कळदा त्याचे उत्तर प्रश्न न वाचताच दिले जाते. प्रस्तुत लेखात कॉन्फिगरेशन फाइलचे स्वरूप, डेबियन व उबंटू या लिनक्स प्रणालींत तिच्याबाबत पाळला जाणारा नियम, अविचारी निवडीचे परिणाम आणि मराठी लेखनाच्या मांडणीवर होणारा परिणाम यांचे विवेचन केले असून, महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक सोपी कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजशब्द : कार्यप्रणाली, अपग्रेड, कॉन्फिगरेशन फाइल, डेबियन, उबंटू, मराठी कळफलक, संगणक सुरक्षा.

१. प्रास्ताविक

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असल्याने सुस्थितीत चालणारे अनेक संगणक नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. ज्या महाविद्यालयांना एकदम सर्व यंत्रे बदलणे शक्य नाही, त्यांच्यापुढे त्याच यंत्रांवर उबंटू, डेबियन किंवा सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे विकसित केलेली बॉस लिनक्स ही प्रणाली बसविण्याचा पर्याय खुला आहे.

परंतु प्रणाली एकदा बसविली म्हणजे काम संपले असे होत नाही. उबंटूची दीर्घकालीन साहाय्य असलेली आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिल महिन्यात प्रसिद्ध होते आणि तिचे सर्वसाधारण साहाय्य पाच वर्षे चालते. डेबियनची तेरावी आवृत्ती दि. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या आधीची बारावी आवृत्ती जून २०२३ मधील होती. म्हणजेच प्रयोगशाळेला अपग्रेडचा प्रसंग पुन्हा पुन्हा येणारच. अशा प्रत्येक प्रसंगी सर्वाधिक गोंधळ होतो तो कॉन्फिगरेशन फाइल्सच्या बाबतीत. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानले जाते. वास्तविक, त्या फाइल्समध्ये विभागाने वेळोवेळी घेतलेले निर्णय लिहिलेले असतात. त्यामुळे त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न विभागप्रमुख व अध्यापक यांच्याही विचाराचा ठरतो.

२. कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे काय?

कोणत्याही संगणकीय प्रोग्रॅमचे दोन भाग कल्पिता येतात. एक, प्रत्यक्ष काम करणारा भाग. आणि दुसरा, ते काम कसे करावयाचे याच्या सूचना. कोणता प्रिंटर वापरावा, कोणते फोल्डर विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवावे, दूरस्थ संगणकावरून कोणास प्रवेश द्यावा, कोणता कळफलक प्रथम यावा, अशा सूचना ज्या फाइलमध्ये नोंदविलेल्या असतात ती कॉन्फिगरेशन फाइल होय. लिनक्समध्ये अशा बहुतेक फाइल्स साध्या मजकुराच्या असतात आणि कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येतात.

स्थानाच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात :

१) संपूर्ण यंत्राला लागू होणाऱ्या फाइल्स. या ‘इटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

२) एकेका वापरकर्त्याच्या फाइल्स. या त्याच्या ‘होम’ फोल्डरमध्ये असतात. त्यांची किंवा त्यांच्या फोल्डरची नावे टिंबाने सुरू होत असल्याने त्या एरवी दिसत नाहीत.

३) प्रोग्रॅमबरोबर आलेल्या मूळ फाइल्स. या ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये असतात आणि त्या वापरकर्त्याने बदलू नयेत असे अभिप्रेत असते.

अपग्रेडच्या वेळी या तिन्ही प्रकारांना वेगवेगळी वागणूक मिळते. पहिल्या प्रकारच्या फाइल्सबाबत प्रणाली विचारणा करते. दुसऱ्या प्रकारच्या फाइल्सना अपग्रेडची प्रक्रिया हात लावत नाही. तिसऱ्या प्रकारच्या फाइल्स ती काहीही न विचारता बदलून टाकते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक अडचणी उद्भवतात.

३. प्रणाली कधी विचारते आणि कधी विचारत नाही?

डेबियन व तिच्यापासून निघालेल्या प्रणालींत प्रोग्रॅम बसविण्याचे मूलभूत काम ‘डीपीकेजी’ हे साधन करते. एखादी कॉन्फिगरेशन फाइल बसविताना हे साधन तिच्या मूळ रूपाचा एक गणिती ठसा नोंदवून ठेवते. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा बदलतो. अपग्रेडच्या वेळी जुना ठसा, यंत्रावरील सध्याची फाइल आणि नव्या आवृत्तीबरोबर आलेली फाइल यांची तुलना केली जाते. त्यातून चार शक्यता संभवतात :

१) स्थानिक बदल नाही आणि नव्या आवृत्तीतही बदल नाही. फाइल जशीच्या तशी राहते.

२) स्थानिक बदल नाही, परंतु नव्या आवृत्तीत बदल आहे. नवी फाइल न विचारता बसविली जाते.

३) स्थानिक बदल आहे, परंतु नव्या आवृत्तीत बदल नाही. स्थानिक फाइल न विचारता राखली जाते.

४) दोन्हीकडे बदल आहे. केवळ याच वेळी प्रणाली थांबून प्रश्न विचारते.

या प्रश्नाला ‘वाय’ असे उत्तर दिल्यास नवी फाइल बसते आणि जुनी फाइल नावाला ‘डीपीकेजी-ओल्ड’ हे पद जोडून बाजूला ठेवली जाते. ‘एन’ असे उत्तर दिल्यास जुनी फाइल राहते आणि नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या पदासह शेजारी ठेवली जाते. ‘डी’ या अक्षराने दोहोंतील फरक दाखविला जातो, तर ‘झेड’ने प्रक्रिया तात्पुरती थांबवून परिस्थिती तपासता येते. काहीही न लिहिता एंटर कळ दाबल्यास ‘एन’ हेच उत्तर गृहीत धरले जाते. काही फाइल्सची व्यवस्था ‘यूसीएफ’ नावाचे दुसरे साधन पाहते. त्या ठिकाणी नावापुढे ‘यूसीएफ-ओल्ड’ किंवा ‘यूसीएफ-डिस्ट’ असे पद लागते. रेड हॅट व फेडोरा या प्रणालींत याच कामासाठी ‘आरपीएमन्यू’ व ‘आरपीएमसेव्ह’ ही पदे आढळतात.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना यातील चौथी शक्यता अपरिचित वाटू नये. एका मूळ संहितेपासून दोन प्रती निघाल्या आणि दोहोंत निरनिराळे बदल झाले, तर कोणत्याही एका प्रतीस डोळे मिटून प्रमाण मानता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पाठभेद पडताळून, प्रत्येक स्थळी कारण पाहून पाठ निश्चित करण्याचीच पद्धत अवलंबिली होती. कॉन्फिगरेशन फाइलचे काम आकाराने कितीही लहान असले तरी पद्धती तीच आहे. मूळ रूप, स्थानिक रूप आणि नवे रूप ही तिन्ही समोर असल्याशिवाय कोणता बदल कोणी केला हे निश्चित होत नाही. डीपीकेजी मात्र मूळ फाइलचा केवळ ठसा जपते, मूळ फाइल जपत नाही. ती जपण्याची जबाबदारी प्रयोगशाळेवर येते.

४. दोन्ही टोकांच्या निवडीतील धोके

‘काही झाले तरी जुनी फाइल ठेवावी’ हा सर्वाधिक प्रचलित उपाय दिसतो. वरवर पाहता तो सुरक्षित वाटतो, कारण काल चालत होते ते आजही चालेल अशी अपेक्षा असते. पुढील दोन उदाहरणांवरून ही अपेक्षा तपासता येईल.

पहिले उदाहरण दूरस्थ प्रवेशाचे. एका संगणकावरून दुसऱ्याचे व्यवस्थापन करण्यासाठी ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम वापरला जातो. ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७.० या आवृत्तीपासून यंत्राच्या सर्वाधिकारी खात्यास, म्हणजे ‘रूट’ला, केवळ पासवर्डच्या आधारे बाहेरून प्रवेश देण्याची पूर्वापार मुभा मूळ मांडणीतून काढण्यात आली. पासवर्डचे अंदाज बांधत राहणाऱ्या स्वयंचलित हल्ल्यांपासून संरक्षण व्हावे, हा यामागील लाभ. परंतु ज्या यंत्रावरील जुन्या फाइलमध्ये अशी मुभा देणारी ओळ स्पष्ट लिहिलेली होती आणि अपग्रेडच्या वेळी ती फाइल तशीच राखली गेली, त्या यंत्रास या सुधारणेचा काहीच उपयोग झाला नाही. प्रोग्रॅम नवा आणि दार मात्र पूर्वीसारखेच उघडे, अशी ही स्थिती होय.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. लिनक्सवरील फोल्डर विंडोज यंत्रांना खुले करून देण्यासाठी सांबा हा प्रोग्रॅम वापरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या ४.११ या आवृत्तीत एसएमबी-१ ही जुनी संपर्कपद्धती मूळ मांडणीतच बंद करण्यात आली. या ठिकाणी जुनी फाइल राखूनही जुने वर्तन राखले जात नाही, कारण एसएमबी-१ चालू ठेवणारी ओळ बहुतेक फाइल्समध्ये कधी लिहिलेलीच नव्हती. ती प्रोग्रॅमची गृहीत भूमिका होती. फाइलमध्ये जे लिहिलेले नसते ते प्रोग्रॅम ठरवितो आणि नव्या आवृत्तीबरोबर ते बदलू शकते. परिणामी प्रयोगशाळेतील विंडोज एक्सपीचे एखादे यंत्र किंवा स्कॅन केलेली प्रत थेट फोल्डरमध्ये पाठविणारे जुने छायाप्रत-यंत्र अपग्रेडनंतर अकस्मात जोडले जाईनासे होते.

अशा वेळी एक ओळ लिहून एसएमबी-१ पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. हा मोह किती महाग पडू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. दि. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमचा जगभर प्रसार झाला, तेव्हा नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स या मालधक्क्याचे काम विस्कळीत झाले. नॉटपेट्याने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक विंडोजमधील एसएमबी-१ च्या दोषाचा होता. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती. दोष विंडोजच्या रचनेत होता, सांबाच्या नव्हे, हे खरे. तथापि सर्व्हरवर एसएमबी-१ चालू ठेवणे म्हणजे ती पद्धती वापरणारी जुनी यंत्रे जाळ्यात राहू देणे होय. शिक्षकांचे संशोधन, विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण आणि कार्यालयाच्या नोंदी ज्या जाळ्यात आहेत, तेथे असा निर्णय एका ओळीने आणि कोणाच्याही नकळत घेतला जाऊ नये.

‘नेहमी नवी फाइल घ्यावी’ हे दुसरे टोकही निर्दोष नाही. तसे केल्यास सामायिक फोल्डरांची यादी किंवा विद्यार्थ्यांच्या खात्यांवरील मर्यादा एका क्षणात नाहीशा होतात. त्या का घातल्या होत्या हे जाणणारी व्यक्ती सेवानिवृत्त झालेली असेल, तर ती रचना पुन्हा उभी करणे अवघड होते. जुनी फाइल ‘डीपीकेजी-ओल्ड’ या रूपात यंत्रावरच असते. पण ती तेथे आहे हे ठाऊक नसेल तर असून नसल्यासारखीच.

५. मराठी लेखनाची मांडणी

मराठीतून लेखन करणाऱ्या अध्यापकांच्या दृष्टीने तीन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब कळफलकाची. इनस्क्रिप्ट कळफलकास भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात स्थान मिळाले आणि तो लिनक्समध्ये उपलब्ध आहे. तरीही एखादे जोडाक्षर किंवा चिन्ह सोयीच्या कळीवर यावे म्हणून काही वापरकर्ते कळफलकाच्या मूळ फाइलमध्येच बदल करतात. ही फाइल ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये असते. ती वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारातील असल्याने पुढील अपग्रेडमध्ये न विचारता बदलली जाते आणि बसलेली बोटे अडखळू लागतात. अलीकडच्या वेलँड या दृश्यप्रणालीत स्वतःचा कळफलक होम फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘एक्सकेबी’ नावाने ठेवता येतो. तेथे अपग्रेडचा हात पोहोचत नाही. फाँट्सच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. वेगळे फाँट्स ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या उपफोल्डरात ठेवावेत. ती जागा स्थानिक व्यवस्थापकासाठीच राखून ठेवलेली असते.

दुसरी बाब ग्नोम या दृश्यपटाची. कोणते कळफलक कोणत्या क्रमाने यावेत ही नोंद साध्या मजकुरात नसून ‘डीकॉन्फ’ नावाच्या संग्रहात असते. तो संपादकात उघडून वाचता येत नाही. मात्र ‘डीकॉन्फ डम्प’ या आज्ञेने त्याची मजकूर-प्रत काढता येते. अपग्रेडपूर्वी अशी प्रत काढून ठेवणे इष्ट होय.

तिसरी बाब शब्दसंग्रहाची. लिबरऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासताना अध्यापक जे शब्द स्वतःच्या कोशात जोडतात, ते होम फोल्डरमधील वापरकर्ता-फोल्डरात, ‘वर्डबुक’ या नावाखाली साठतात. पारिभाषिक संज्ञा, विशेषनामे, वऱ्हाडी-झाडी बोलींतील शब्द असा अनेक वर्षांचा संचय त्यात असू शकतो. अपग्रेडनंतर लिबरऑफिस नीट चालेनासे झाल्यास ते संपूर्ण वापरकर्ता-फोल्डर काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अडचण दूर होते, परंतु त्याबरोबर हा संचयही जातो. म्हणून ‘वर्डबुक’ची प्रत आधी बाजूला काढावी. २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून लिबरऑफिसमध्ये असलेल्या सुरक्षित अवस्थेचा वापर करून प्रथम दोष नेमका कोठे आहे हे पाहावे.

६. सुचविलेली कार्यपद्धती

(अ) अपग्रेडपूर्वी

१) काळ निश्चित करावा. उबंटूची नवी दीर्घकालीन आवृत्ती एप्रिलमध्ये येत असली, तरी जुन्या दीर्घकालीन आवृत्तीवरून तिच्यावर जाण्याची सूचना पहिली सुधारित आवृत्ती आल्यानंतरच दिली जाते, उदा. २४.०४ ची अशी सुधारित आवृत्ती दि. २९ ऑगस्ट २०२४ रोजी आली. त्यामुळे नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांनंतरच्या सुट्टीत घाई करण्यापेक्षा पुढील दिवाळीच्या सुट्टीत हे काम घेणे सोयीचे ठरते.

२) ‘इटीसी’ व ‘होम’ या फोल्डरांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

३) ‘इटीसीकीपर’ हे साधन बसवावे. जोई हेस यांनी तयार केलेले हे साधन ‘इटीसी’मधील प्रत्येक बदलाचा इतिहास गिट या प्रणालीत नोंदविते. ते प्रणाली नवी असतानाच बसविल्यास फाइल्सचे मूळ रूपही जपले जाते. मात्र या इतिहासात पासवर्डविषयक फाइल्सही असतात. म्हणून तो कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी ठेवू नये.

४) प्रथम एकाच यंत्रावर प्रयोग करावा. प्रक्रिया मध्येच खंडित होऊ नये यासाठी यंत्र यूपीएसवर असावे.

(आ) अपग्रेड चालू असताना

५) प्रश्न विचारला जाताच ‘डी’ दाबून फरक वाचावा. स्थानिक बदल ओळखता न आल्यास तूर्त जुनी फाइल ठेवावी व तिचे नाव कागदावर टिपून घ्यावे. हा अंतिम निर्णय नव्हे.

(इ) अपग्रेडनंतर

६) ‘इटीसी’ फोल्डरमध्ये वर उल्लेखिलेल्या पदांच्या फाइल्स शोधाव्यात. अशी प्रत्येक फाइल म्हणजे एक प्रलंबित निर्णय होय. दोन्ही फाइल्स शेजारी ठेवून, नवी फाइल आधार मानून, आजही आवश्यक असलेले स्थानिक बदल तेवढे तिच्यात आणावेत.

७) सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी फाइल तपासावी. सांबासाठी ‘टेस्टपार्म’ आणि ओपनएसएसएचसाठी ‘एसएसएचडी’ला ‘टी’ हा पर्याय देऊन तपासणी करता येते.

८) उबंटूचा अपग्रेड बाहेरील सॉफ्टवेअर-स्रोत बंद करतो. त्यांपैकी नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आणि खरोखर गरजेचे असतील तेवढेच पुन्हा सुरू करावेत.

९) शक्य तेथे स्थानिक बदल मुख्य फाइलमध्ये न लिहिता स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये लिहावेत. ओपनएसएसएच, सिस्टिमडी इत्यादींसाठी नावाच्या शेवटी ‘डी’ असलेली फोल्डर्स याच हेतूने दिलेली असतात. मुख्य फाइल अस्पर्श राहिल्यास चौथी शक्यता उद्भवतच नाही.

१०) प्रत्येक स्थानिक बदलाजवळ तो कोणी, केव्हा व कशासाठी केला याची एक ओळीची टीप लिहावी.

७. विंडोजच्या संदर्भात

विंडोजमध्ये बहुतेक मांडणी ‘रजिस्ट्री’ नावाच्या संग्रहात आणि वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असते. तेथे फाइलनिहाय प्रश्न विचारला जात नाही. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात राहते, परंतु मागे फिरण्याची मुभा साधारणतः दहा दिवसांचीच असते. त्यामुळे या दहा दिवसांत प्रत्येक विभागाने आपापले प्रोग्रॅम, प्रिंटर व मराठी कळफलक प्रत्यक्ष चालवून पाहणे आवश्यक ठरते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘जुनी ठेवावी की नवी घ्यावी’ या प्रश्नाला सर्व फाइल्सना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. जुनी फाइल राखल्याने जुने वर्तन राखले जाईलच असे नाही आणि जुना दोष मात्र राहू शकतो. नवी फाइल स्वीकारल्याने सुधारणा मिळते, परंतु संस्थेचे पूर्वीचे निर्णय पुसले जाऊ शकतात. फरक वाचणे, कारण तपासणे आणि निर्णय लिहून ठेवणे हाच विश्वसनीय मार्ग होय. त्यासाठी खर्च लागत नाही. वेळ आणि शिस्त लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिबरऑफिसविषयीचे पाठ मराठीतही उपलब्ध असल्याने प्रयोगशाळा-साहाय्यकांचे प्रशिक्षण मातृभाषेतून करता येते. साठा-नोंदवहीत यंत्रांची नोंद जशी काटेकोरपणे होते, तशीच त्या यंत्रांवर घेतलेल्या निर्णयांची नोंदही झाली, तर प्रयोगशाळेचे ज्ञान एका व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून न राहता संस्थेचे होईल.